रविवारचं पाणी

रविवारी जेवणाआधी आण्णा मोरीत
पाट टाकून बसतात, गुडघे छातीशी,
डोकं माझ्या पुढ्यात.
कोपरखैरण्यातली आमची मोरी एवढीशी
की माझं एक पाऊल कायम उंबऱ्याबाहेर.

पहिला तांब्या ओतला की कळायचं
आठवडा कुठल्या गाळ्यात गेला.
पिवळं उतरलं तर हळद.
लालसर दिसलं तर आईला आधी हाक,
पदर लाव नाकाला, आज मिरची आहे.
धण्याचं मातकट, पण वासाला बरं.
एकदा कानामागून जिऱ्याचे चार दाणे निघाले.
आई म्हणाली, ठेव बाजूला, वरणाला होतील.

मी वाशीला कामाला, सेक्टर सतरा,
भाविका मॅडमच्या पार्लरमध्ये.
तिथे डोकी येतात एसीत निवलेली,
खुर्चीत रेलून म्हणतात, गळतायत गं, काहीतरी कर.
मी सांगते, ओले केस बांधू नका.
फणी ज्याची त्याची, आणि तीही धुवायची असते.
नखं नकोत, बोटांची पेरं लावा.
कोंड्यावर रात्रभर तेल थापू नका,
ते मुरत नाही, साचतं.
बाराशे रुपयांत हे सगळं सांगते, टॉवेलसकट.
आण्णांना फुकट सांगते, ते ऐकत नाहीत.

"जोरात घास की वैजू. हात हाय का पीस?"
डोकं म्हणजे त्यांच्या लेखी पातेलं,
राख लावली तरी चालेल.
तीस वर्षं कपड्याच्या साबणाने धुतलं,
वर खोबरेल, कपाळावर ओघळेस्तोवर.
तो साबण सुटायला दोन दिवाळ्या गेल्या.
आता रिठे मी शनिवारी रात्री भिजत घालते,
सकाळी कुस्करते, गाळते, कोमट करते.
"ह्यानं सोनार दागिनं धुत्यात," ते म्हणतात.
मी तांब्या ओतते.

भोवऱ्याच्या जरा पुढे एक जागा आहे,
पुरीएवढी, गुळगुळीत.
तिथे पोतं बसायचं.
चुंबळ असायची, पण पन्नास किलो ते पन्नास किलोच,
आणि रोज किती खेपा, ते मुकादमाच्या वहीत.
कपाटात सीरमच्या तीन बाटल्या आहेत,
मॅडमने दिवाळीला दिलेल्या.
त्या जागेला मी कधी लावल्या नाहीत.
तेलाचा एक थेंब, आणि अंगठा गोल, हळू.
तेवढ्यापुरतं ते "जोरात" म्हणत नाहीत.
विचारलं एकदा, दुखतं का?
"न्हाय. गरम-गार तेवढं कळतं."

मार्चअखेर सुटले कामातून.
टोळीने शाल दिली, नारळ दिला,
आणि भिंतीवरचं घड्याळ, दहा मिनिटं पुढे पळणारं.
मग एक रविवार लग्नात गेला, कळंबोलीला.
त्याच्या पुढच्या रविवारी
पाणी जसं ओतलं तसंच खाली आलं.
मोरब्याचं पाणी, तळाची फरशी दिसणारं.
आण्णा वाकून जाळीकडे बघत राहिले.
"कायच न्हाय निघालं?"
नाही.
"नीट धुतलंस न्हवं?"
दुसरा तांब्या. तिसरा.
चौथा त्यांनी स्वतःच उचलला, ओतला,
परत वाकून बघितलं.
बाहेरून आई, लसूण सोलता सोलता,
डब्यातली हळद देऊ का चिमूटभर?
ते हसले, खांदे गदगदा हलले,
रिठा डोळ्यात गेला, मग शिव्या
आईला, मला आणि रिठ्याला.

काल पुसताना त्या जागेवर
अंगठ्याला काहीतरी लागलं. बारीक, मऊ.
लव असेल. टॉवेलचा धागाही असेल,
हल्ली नवा टॉवेल आहे.
आण्णांना काही बोलले नाही.
पुढच्या रविवारी पाट जरा
खिडकीकडे सरकवते.